वरातीमागून बंब

पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग 2022 मध्ये मुंबई महापालिकेच्या ताब्यात आले, तेव्हा चर्चा झाली ती खड्ड्यांची. आता एकच यंत्रणा रस्ते बघणार, म्हणजे ‘हा रस्ता आमचा नाही’ म्हणून हात झटकायची सोय उरणार नाही, असं सगळे म्हणाले. ते बरोबरही होतं. पण डांबराबरोबर त्या रस्त्यांचा आवाजही महापालिकेच्या पदरात पडला, हे कुणी काढलं नाही. सायनपासून मुलुंडपर्यंत आणि माहीमपासून दहिसरपर्यंत या दोन रस्त्यांना खेटून जी वस्ती आहे, तिच्या खिडक्यांत रात्रभर शिरणारा आवाज आता कुणाच्या खात्यात मांडायचा, हा प्रश्न सभागृहात आला नाही. यायला सभागृहच नव्हतं. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची जवळजवळ चार वर्षं प्रशासकानं कारभार पाहिला.

जानेवारी 2026 च्या निवडणुकीनंतर 227 नगरसेवक परत आले आहेत. प्रस्ताव दप्तरी दाखल करा, फेरविचारासाठी पाठवा, उपसूचना घ्या, ही जुनी भाषा पुन्हा कानावर पडू लागेल. या सभागृहाकडे माझी मागणी एकच आहे. महापालिका जेव्हा मोठा रस्ता, पूल किंवा उंच इमारत मंजूर करते, तेव्हा त्यातून किती आवाज होणार आणि तिथे आग लागली तर ती कोण, कशानं विझवणार, या दोन्हींचा हिशेब आणि खर्च त्याच प्रस्तावात असला पाहिजे. पुढच्या वर्षीच्या अर्थसंकल्पात नको, वेगळ्या निविदेत नको, आणि माणसं मेल्यावर नेमलेल्या चौकशी समितीच्या शिफारशींत तर अजिबात नको.

दोन विषयांची मोट कशाला बांधायची, असं वाटेल. एक कटकट, दुसरं संकट. पण महापालिकेच्या कामकाजात दोघांची गत एकच आहे. पूल झाला की नारळ फुटतो. आवाज कमी झाला म्हणून कुणी फीत कापत नाही. न लागलेल्या आगीचा फोटो निघत नाही. त्यामुळे दोन्हींवरचा खर्च प्रस्तावाच्या शेवटच्या पानावर जातो, आणि घाई झाली की नेमकं तेच पान गळतं.

शिवाय एक धागा अगदी घरातला आहे. द्रुतगती मार्गाला लागून असलेल्या एखाद्या इमारतीत तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर जाऊन पाहा. खिडकीला बाहेरून पेटीसारखं ग्रिल. चोरांची भीती असते आणि कुंड्या, जुना कूलर ठेवायला जागाही होते. आत स्लायडिंगच्या काचा, त्या कायम बंद. उघडल्या तर टीव्ही मोठा करावा लागतो आणि संध्याकाळपर्यंत फरशीवर काळी भुकटी बसते. खिडकी बंद म्हणून एसी. एसी आला म्हणून जुन्या वायरिंगवर नवा भार, एकाच बोर्डावर दोन-तीन ॲडॉप्टर. मुंबईतल्या बहुतेक आगींमागे विजेतला बिघाड असतो, हे अग्निशमन दल वर्षानुवर्षं सांगत आलंय. म्हणजे रस्त्याचा आवाज टाळायला माणूस ज्या घरात स्वतःला कोंडून घेतो, ते घर पेटायला सोपं आणि त्यातून बाहेर पडायला अवघड. जवानांना आधी ग्रिल कापावं लागतं, मग माणूस बाहेर काढता येतो. रस्ते विभागाच्या फाइलीत यातलं काहीच दिसत नाही. तिथे आवाज हा पर्यावरणवाल्यांचा विषय आणि आग हा अग्निशमन दलाचा.

कायदा कमी आहे असं नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. शांतता क्षेत्रात हीच मर्यादा 50 आणि 40. पण त्याच देशात गाडीच्या हॉर्नला साडेसात मीटर अंतरावर 93 ते 112 डेसिबल इतका आवाज करायची मुभा आहे. डेसिबलचं गणित सरळ बेरजेचं नसतं. 10 डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. नियमात बसणारा हॉर्न एकदा वाजला की नियमात बसणारी रात्र संपली.

आणि जबाबदारी? अंमलबजावणी मुख्यतः पोलिसांकडे, देखरेख प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, क्षेत्रं जाहीर करणं राज्य सरकारकडे. 2017 च्या दुरुस्तीनंतर तर सरकारनं तसं जाहीर केल्याशिवाय रुग्णालयाभोवतीचा परिसरही आपोआप शांतता क्षेत्र ठरत नाही. महापालिका दरवर्षी पर्यावरण स्थिती अहवाल काढते, त्यात आवाजाचे आकडे असतात. ते वाचून कुठल्या रस्त्याची रचना बदलली, असं निदान माझ्या ऐकिवात नाही.

मुंबई पोलिसांनी काही चौकांत बसवलेला ‘पनिशिंग सिग्नल’ अनेकांना आठवत असेल. 2020 च्या जानेवारीत त्याची चित्रफीत घराघरात पोचली. हॉर्नचा आवाज 85 डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागायचे. कल्पना झकास होती, जाहिरात त्याहून झकास झाली. पण सिग्नलला थांबलेल्या गाडीचा त्रास वेगळा आणि रात्री दोन वाजता मोकळ्या महामार्गावर सुटलेल्या गाडीचा वेगळा. साधारण 50-60 किलोमीटरच्या पुढे वेग गेला की मोटारीचा मुख्य आवाज इंजिनाचा उरत नाही, टायर आणि रस्ता यांच्या घर्षणाचा होतो. त्यात अवजड वाहनांना गर्दीच्या वेळी मनाई असल्यानं डंपर आणि कंटेनर रात्रीच धावणार. यावर हॉर्नबंदीचा फलक लावून काही होत नाही. तिथे लागते ती रस्त्याच्या पृष्ठभागाची निवड, रात्रीची वेगमर्यादा, पुलाच्या सांध्यांची देखभाल आणि जिथे उपयोग होईल तिथे ध्वनिरोधक. सांधा ढिला झालेल्या पुलाखाली राहणाऱ्यांना दर ट्रकमागे बसणारा ‘धाड-धाड’ वेगळा सांगायला नको.

सगळे रस्ते काँक्रीटचे करायचा सपाटा सध्या लागलाय. खड्ड्यांच्या दृष्टीनं तो ठीक आहे, माझा त्याला विरोध नाही. पण काँक्रीटवर टायरचा आवाज सहसा डांबरापेक्षा जास्त होतो, ही अभियंत्यांना ठाऊक असलेली गोष्ट हजारो कोटींच्या त्या कामांबद्दल बोलताना कुणी उच्चारली का? गल्लीत वेग कमी असतो, तिथे फरक पडणार नाही. मोठ्या, वेगाच्या रस्त्यांवर पडतो.

ध्वनिरोधकांबद्दलही आपल्याकडे भाबडी समजूत आहे. पुलाच्या कठड्यावर पत्रे उभे केले की झालं! पण असा अडथळा आवाज ‘अडवतो’ तो फक्त त्याच्या सावलीत येणाऱ्यांसाठी. खिडकी आणि गाडी यांच्यामधली सरळ रेष तुटली तरच उपयोग. पुलाच्या बरोबरीच्या मजल्याला काही डेसिबलचा दिलासा मिळेल. वरच्या दहाव्या, पंधराव्या मजल्याला काहीच नाही. मुंबईत पूल आधी बांधला जातो, शेजारची चाळ नंतर टॉवर होते, आणि मग टॉवरवाले पत्र्यांची मागणी करतात. त्या मजल्यांच्या खिडक्यांना दुहेरी काच हवी होती, झोपायच्या खोल्या रस्त्याच्या उलट्या बाजूला हव्या होत्या. हे नकाशा मंजूर करतानाच ठरतं. नंतर ते कुठलाही ठेकेदार करून देऊ शकत नाही.

इथे एक जुना, न बोलला जाणारा भेदभावही आहे. पेडर रोडवरच्या उड्डाणपुलाला तिथल्या रहिवाशांनी विरोध केला, लता मंगेशकरांनीही केला, आणि तो पूल आजतागायत झाला नाही. त्यांचा मुद्दा चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. खिडकीसमोरून गाड्या जाणार असतील तर माणूस विरोध करणारच. पण 2002 मध्ये जे. जे. उड्डाणपूल सुरू झाला, तो महंमद अली रोडवरच्या घरांच्या खिडक्यांपासून हाताच्या अंतरावरून गेला. तिथल्या बायका गॅलरीत कपडे वाळत घालताना पुलावरच्या टॅक्सीवाल्याचा चेहरा बघू शकतात. त्यांच्या झोपेचा विचार कुणी केला होता? आवाज सगळ्यांना सारखाच ऐकू येतो, ऐकलं मात्र मोजक्यांचं जातं.

आज हाच प्रश्न पूर्व द्रुतगती मार्गावर उभा आहे. घाटकोपरच्या छेडानगरपासून ठाण्याकडे पूर्व मुक्त मार्गाचा उन्नत विस्तार मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (एमएमआरडीए) करतेय. महामार्गाच्या डोक्यावर दुसरा रस्ता. विक्रोळीच्या पट्ट्यात वसंतात फुलणारी गुलाबी तबेबुयाची झाडं त्यात जाणार म्हणून ओरड झाली आणि ती वाचवायला आराखड्यात बदल केला गेला. फार चांगलं झालं. पण याचा अर्थ आराखडा बदलता येतो. मग कन्नमवार नगरच्या म्हाडा वसाहतीतल्या माणसांसाठी तो का बदलत नाही? तिथे चार मजली इमारती पाडून उंच इमारती उभ्या राहताहेत. वरचा रस्ता आणि समोरचे नवे मजले एकमेकांच्या बरोबरीला येणार. रस्ता एका प्राधिकरणाचा, वसाहत दुसऱ्याची, शहर महापालिकेचं. तिघांनी एका टेबलावर बसायची वेळ आत्ता आहे. खिडक्या बसल्यावर नाही.

आता आगीकडे वळतो, कारण तिथे उशिराची किंमत जिवानं मोजली जाते.

गेल्या काही वर्षांची यादी मुंबईकराला तोंडपाठ आहे. 2015 च्या मे महिन्यात काळबादेवीच्या गोकुळ निवासात मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह दलाचे चार वरिष्ठ अधिकारी गेले. 2017 च्या डिसेंबरात कमला मिलमध्ये गच्चीवरच्या पबला लागलेल्या आगीत 14 जण गेले. 2018 च्या ऑगस्टमध्ये परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये चौघे; त्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्रच नव्हतं, लोक मात्र वर्षानुवर्षं राहत होते. 2023 च्या ऑक्टोबरात गोरेगावच्या जय भवानी या झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजनेतल्या इमारतीत पहाटे तळमजल्यावर ठेवलेल्या कापडाच्या गठ्ठ्यांनी पेट घेतला आणि धुरानं जिन्यातच माणसं कोंडली. प्रत्येक वेळी पुढचा अंक ठरलेला. कमला मिलनंतर दुसऱ्याच दिवशी शहरभर हॉटेलांच्या बेकायदा शेडवर हातोडे पडले. दोन दिवस आधी त्याच शेडखाली बसून लोक जेवत होते आणि वॉर्ड ऑफिसला त्या दिसत नव्हत्या. महिनाभर मोहीम, मग ये रे माझ्या मागल्या.

26/11 नंतर राज्य सरकारनं 2009 मध्ये इमारतींच्या सुरक्षेसाठी विशेष नियमांचा मसुदा काढला होता. तो अंतिम व्हावा म्हणून नंतर लोकांना उच्च न्यायालयात जावं लागलं. आपल्याकडे मसुद्यांना वय असतं, मुदत नसते.

उंचीचा हिशेब तर साधा आहे. दलाकडची सर्वांत उंच शिडी 90 मीटरपर्यंत पोचते, म्हणजे ढोबळमानानं तिसाव्या मजल्यापर्यंत. लोअर परळला 280 मीटरची वर्ल्ड वन उभी आहे. शिडीच्या वरचे सगळे मजले इमारतीच्या स्वतःच्या यंत्रणेवर जगतात: पाणी वर नेणारा उभा पाइप म्हणजे रायझर, स्प्रिंकलर, पंप, आणि आगीत आसरा घ्यायची मोकळी जागा म्हणजे रेफ्यूज एरिया. आणि शिडी तरी कुठे पोचते? ती अजस्र गाडी वळायला रुंद रस्ता लागतो, टेकायला भक्कम जमीन लागते. बऱ्याच इमारतींच्या आवारात ती जमीन म्हणजे खालच्या पार्किंगचा स्लॅब असतो. गिरगाव, भुलेश्वर, काळाचौकीच्या गल्ल्यांत शिडी सोडा, साधा बंब दुतर्फा लावलेल्या मोटरसायकलींमुळे नाक्यावरच अडतो. आणि नाक्यापर्यंत पोचेपर्यंत सायरनचं काय होतं, तेही पाहा. मागून बंब येतोय हे पुढच्या रिक्षावाल्याला कळतच नाही. चहूकडून हॉर्न वाजत असताना सायरन हाही त्यातलाच एक वाटतो. आगीची वर्दी मिळाल्यापासून मिनिट-दीड मिनिटात केंद्रातून निघालेली गाडी दोन सिग्नलांवर ती कमाई घालवून बसते.

म्हणून खरी भिस्त इमारतीतल्या यंत्रणेवर, आणि तिथे आपला सामूहिक ढोंगीपणा उघडा पडतो. 2006 च्या राज्य कायद्यानुसार मालकानं किंवा सोसायटीनं परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा तपासून दर जानेवारी आणि जुलैत ती चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे ‘बी’ फॉर्म, द्यायचा असतो. एजन्सीला पैसे सोसायटी देणार, प्रमाणपत्र एजन्सी सोसायटीला देणार. यात खोट काढायची कुणाला पडलीय?

एखाद्या पंधरा वर्षं जुन्या टॉवरच्या जिन्यात उभं राहून बघा. लाल पेटीची काच गायब. आतला होज घडीवर घडी तशीच सुकून चिरलेला. नोझल धातूचं असल्यानं भंगारात केव्हाच गेलेलं. पेटीपुढे कुणाचं तरी चपलांचं कपाट. इलेक्ट्रिक डक्टमध्ये झाडू, बादल्या आणि मागच्या गणपतीची मखरं. रेफ्यूज एरियाला कुलूप, चावी सेक्रेटरीकडे, सेक्रेटरी गावाला. खाली पंपरूममध्ये पंप ‘ऑटो’वर असायला हवा तो ‘ऑफ’वर, कारण पाइपातलं प्रेशर उतरलं की तो मध्यरात्री आपोआप सुरू व्हायचा आणि पहिल्या मजल्यावरच्यांची झोपमोड व्हायची. आवाजाची तक्रार आली, पंप बंद झाला. ऑफिसात ‘बी’ फॉर्म मात्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नीट लावलेला.

दोष एकट्या महापालिकेचा आहे, असं म्हणूनच मी म्हणणार नाही. 2021 मध्ये महापालिकेनं इमारतींकडून अग्निसेवा शुल्क वसूल करायचं ठरवलं, तेही मागच्या तारखेपासून. विरोध झाला आणि ते थांबलं. मागच्या तारखेची वसुली चुकीचीच होती. इमारत बांधून निघून गेलेल्या बिल्डरचं बिल रहिवाशांच्या गळ्यात मारणं कुठल्या न्यायात बसतं? पण मागची वसुली नको म्हणता म्हणता पुढचीही नको, असं होऊन बसलं. लॉबीचा इटालियन मार्बल बदलायला प्रत्येकी पंचवीस हजार काढणारी सोसायटी होज बदलायच्या ठरावावर तीन सर्वसाधारण सभा घालवते. ज्या पक्षांनी तेव्हा शुल्काला विरोध करून टाळ्या मिळवल्या, त्यांनीही पुढे अग्निशमन दलाचा खर्च कुठून भागवायचा ते सांगितलं नाही.

पैसा नाही, हे कारण तर सांगूच नका. 2025-26 चा महापालिकेचा अर्थसंकल्प 74,000 कोटींच्या वर होता. जादा चटईक्षेत्राच्या बदल्यात बिल्डर प्रीमियम भरतात. उंची वाढवायची परवानगी विकून आलेल्या पैशातला ठरावीक वाटा त्याच विभागातल्या अग्निशमन केंद्रासाठी, जवानांच्या भरतीसाठी, शिडीसाठी बांधून ठेवला तर नव्या कराची गरजच पडत नाही. आज तो मोठ्या गंगाजळीत जातो आणि पुढे कुठे वळतो, ते सामान्य नगरसेवकालाही सांगता येत नाही.

एक आक्षेप मात्र मला खरा वाटतो. झोपडपट्टीतून पक्क्या घरात जायला वीस वर्षं वाट पाहिलेल्या कुटुंबाला आणखी एक ‘ना हरकत’ नको असते. प्रत्येक नवा दाखला म्हणजे नवं टेबल, नवी चिरीमिरी. पुनर्वसनाची घरं आधीच रडतखडत होतात, त्यात आवाजाचा अभ्यास कुठे घुसवता, असं एखाद्या कार्यकर्त्यानं विचारलं तर त्याला हसून चालणार नाही. पण नेमकी याच घरांत माणसं जास्त, जिने अरुंद, देखभालीचा निधी तोकडा. विक्रीच्या इमारतीला स्प्रिंकलर आणि पुनर्वसनाच्या इमारतीला फक्त लाल बादल्या, हा फरक मंजुरीच्या टेबलावरच पुसायचा आहे. त्यासाठी नवा दाखला नको. आहे त्याच प्रस्तावात आणखी दोन पानं हवीत, आणि ती बिल्डरनं नव्हे तर महापालिकेच्या अभियंत्यानं भरायला हवीत. पुढची दहा वर्षं यंत्रणेची देखभाल विकासकाच्या ठेवीतून व्हायला हवी. आणि कुठल्या इमारतीचा ‘बी’ फॉर्म कधी आला, कुणी दिला, हे विभागवार संकेतस्थळावर टाकायला कुठल्या समितीची वाट पाहायची?

हे अशक्य आहे असं महापालिकेनं सांगू नये, कारण तिनंच ते करून दाखवलंय. सागरी किनारा मार्गाच्या जुळ्या बोगद्यांत धूर बाहेर ढकलणारी सकार्डो पद्धतीची वायुवीजन यंत्रणा आहे. ती उद्घाटनानंतर सुचलेली नाही. बोगद्याच्या आराखड्यातच होती, त्याच खर्चात होती. बोगद्यात आग लागली तर काय, हा प्रश्न टाळून बोगदा उघडताच येत नाही, म्हणून तो विचारला गेला. सुमारे 14,000 कोटींच्या त्या कामात धुराला जागा मिळाली. ब्रीच कँडीच्या खिडक्यांत रात्री येणाऱ्या शर्यतीच्या गाड्यांच्या आवाजाला मिळाली नाही, कारण तो प्रश्न न विचारताही रस्ता उघडता येतो.

पुढचं मोठं काम गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचं आहे. 12 किलोमीटरहून थोडा जास्त रस्ता, त्यात राष्ट्रीय उद्यानाखालून 4.7 किलोमीटरचे जुळे बोगदे. बोगद्यातला धूर कुठे जाईल, याचा विचार झालाच असेल. दिंडोशीच्या आणि खिंडीपाड्याच्या बाजूला पूल जिथे इमारतींना घासून जातील, तिथल्या आवाजाचं काय? त्या पट्ट्यात गाड्यांबरोबर टॉवरही वाढणार, त्यांच्यासाठी अग्निशमन केंद्राची जागा आत्ताच राखून ठेवली आहे का? ठेके दिले गेले आहेत, आता उशीर झाला, असं उत्तर येईल. पण या शहरात वाढीव खर्चाचा प्रस्ताव स्थायी समितीपुढे आला नाही, असं मोठं काम दाखवा. तो प्रस्ताव येणार, आणि त्यात सिमेंट, पोलाद, सल्लागाराची फी यांचे रकाने असणार. त्यात आणखी दोन रकाने टाका, नाहीतर प्रस्ताव परत पाठवतो, अशी उपसूचना जो नगरसेवक मांडेल, त्याचा पक्ष कोणता हे मी विचारणार नाही.